वॉशिंग्टन यांची कवळी आणि तुमची कवळी

नौपाड्यातल्या दवाखान्यात कवळीचे दोन तुकडे रुमालात बांधून येणारे आजोबा बहुधा ओशाळलेले असतात. तुमच्या घरीही असं झालं असेल, तर जॉर्ज वॉशिंग्टन यांची हकिगत वाचा.

१७३२ साली जन्मलेल्या वॉशिंग्टन यांचा पहिला दात चोविसाव्या वर्षीच काढावा लागला. ३० एप्रिल १७८९ रोजी अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी शपथ घेतली, तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं नाही. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने एक कवळी पाणघोड्याच्या दातातून कोरली आणि त्या उरलेल्या दातासाठी तिला भोक ठेवलं. दुसरीचा पाया चक्क शिशाचा होता, त्यात माणसांचे आणि जनावरांचे दात बसवलेले. (१७८४ च्या त्यांच्या हिशेबात गुलामांना नऊ दातांचे पैसे दिल्याची नोंद आहे. वाचून वाईट वाटतं.) वरची-खालची कवळी स्प्रिंगने जोडलेली असे, त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाही जोर लागे. १७९६ मध्ये तो शेवटचा दातही गेला. कवळीने ओठ पुढे येतात अशी तक्रार करत ते ती दुरुस्तीला पाठवत. एकदा ती काळी पडलेली पाहून ग्रीनवुड यांनी पोर्ट वाइनवर ठपका ठेवला. १७९९ मध्ये वॉशिंग्टन वारले.

तुमची गुलाबी अ‍ॅक्रिलिकची कवळी आली १९३० च्या दशकात. ती हलकी असते आणि मापात बसते, पण प्रत्येक घासागणिक किंचित वाकते. वर्षानुवर्षं वाकून वरच्या कवळीला बरेचदा मधोमध बारीक चीर जाते आणि एक दिवस साध्या पोळीनेही ती तुटते. त्यात तुमची चूक नसते. हिरडीखालचं हाड झिजून कवळी सैल झाली असेल, तर हे लवकर घडतं.

स्लॅबमध्ये सळया घालतात ना, तसे अ‍ॅक्रिलिकमध्ये काचेचे बारीक तंतू चिरेला आडवे बसवता येतात. मात्र त्यांवर आधी रसायनाचा लेप हवा आणि ते अ‍ॅक्रिलिकने पूर्ण भिजायला हवेत. कोरडे राहिले तर उलट तिथेच कमजोरी येते. वारंवार तुटत असेल तर डॉक्टरांना याबद्दल विचारा, आणि कवळी सैल आहे का तेही तपासून घ्या.

तोवर तुकडे घरच्या गोंदाने चिकटवू नका. मग ते नेमके जुळवता येत नाहीत. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी वाचेल.