अपघातांचा हिशेब मांडणाऱ्या वकील : क्रिस्टल ईस्टमन

अपघातग्रस्तांच्या नुकसानभरपाईचे दावे लढवणे हा माझा रोजचा व्यवसाय. स्मरणिकेसाठी त्याविषयी लिही, असा निरोप आला. स्वतःबद्दल लिहिण्याऐवजी या क्षेत्रातल्या एका थोर बाईंची ओळख करून देतो.

क्रिस्टल ईस्टमन यांचा जन्म २५ जून १८८१ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. आई-वडील दोघेही चर्चमध्ये धर्मोपदेशक. बाईमाणसाने प्रवचन देणे त्या काळी नवलाचे होते, पण क्रिस्टल यांनी ते घरातच पाहिले. व्हॅसर कॉलेजातून पदवी, कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्राची एम.ए. आणि १९०७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याची पदवी त्यांनी मिळवली.

त्याच वर्षी त्या पिट्सबर्गच्या कामगारांच्या पाहणीत सामील झाल्या. तिथल्या एका जिल्ह्यात वर्षभरात कामावर मरण पावलेल्या ५२६ कामगारांच्या प्रकरणांचा त्यांनी छडा लावला. मृत्यू कसा झाला, मागे कोण उरले, मालकाने काय दिले, याची एकेक नोंद केली. निम्म्याहून अधिक विवाहित मृतांच्या कुटुंबांना मालकाकडून शंभर डॉलर किंवा त्याहूनही कमी मिळाले होते; कित्येकांना काहीच नाही.

कारण कायदाच तसा होता. कामगाराने धोका ओळखूनच नोकरी धरली, त्याचाही थोडा हलगर्जीपणा होता किंवा चूक सोबतच्या कामगाराची होती, यांपैकी एक गोष्ट सिद्ध झाली की मालक सुटायचा. ईस्टमन यांचे म्हणणे वेगळे होते. चूक कोणाचीही असो, अपघाताचा खर्च हा धंद्याचाच खर्च धरावा आणि भरपाई ठरलेली असावी. इंग्लंडमध्ये १८९७ पासून तसा कायदा होता. १९१० मध्ये त्यांचे हे संशोधन पुस्तकरूपाने आले. राज्याच्या आयोगात त्या एकमेव स्त्री आणि सचिव होत्या. त्या आयोगाच्या शिफारशींवरून न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरपाईचा कायदाही झाला.

पण २४ मार्च १९११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. चूक नसताना मालकाकडून पैसे घेणे न्यायालयाला मान्य नव्हते. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल कपडा कारखान्याला आग लागली. दाराला कुलूप होते. १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. पुढे १९१३ मध्ये मतदारांनी राज्यघटनाच बदलली आणि १९१४ मध्ये नवा कायदा आला. १९१७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला.

ईस्टमन पुढे स्त्रियांचे हक्क आणि नागरी स्वातंत्र्य यांसाठी झटल्या. १९२७ मध्ये पती गेले आणि वर्षभरात, १९२८ च्या जुलैत, मूत्रपिंडाच्या आजाराने त्याही गेल्या. वय अवघे ४७. मागे दोन लहान मुले.

आपल्याकडे कामगार भरपाई कायदा १९२३ मध्ये झाला. आपल्यातले कित्येक जण आज कारखान्यात आहेत, काहींचे स्वतःचे वर्कशॉप आहे. बोट तुटलेला पोऱ्या समोर येतो, तेव्हा चूक कोणाची, हा प्रश्न आपल्याही तोंडी आधी येतो. मित्रांनो, त्याआधी त्याच्या घरी कोण कोण आहे, ते विचारा.