लोकमान्य टिळक, मधुमेह आणि सातूचं पीठ

१ ऑगस्ट जवळ आला की वाळूजच्या शाळांतही टिळकांवरची भाषणं पाठ होऊ लागतात. शेंगांची टरफलं, केसरी, मंडाले हे मुलांना येतं. पण टिळकांना मधुमेह होता, हे किती जणांना माहीत असतं?

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. प्रकृती मूळची नाजूक. म्हणून डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास मागे ठेवून व्यायामाला दिलं. पुढे १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये केसरी सुरू झाला.

जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ते ५२ वर्षांचे होत आले होते. इन्शुलिनचा शोध अजून लागायचा होता. मंडालेच्या तुरुंगात पथ्य हाच काय तो उपाय! गहू-तांदळाऐवजी त्यांनी सातूच्या, म्हणजे जवाच्या पिठावर भर दिला. अशा प्रकृतीत तिथेच गीतारहस्य लिहून झालं.

योगायोग बघा, त्याच १९०८ मध्ये मेचनिकॉफ यांना नोबेल मिळालं. दही आणि आतड्यातले जिवाणू यांचा आरोग्याशी संबंध त्यांनीच मांडला होता.

सातूतला तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणू तो आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्लं आतड्याचं अस्तर मजबूत ठेवतात, दाह कमी करतात. तंतू कमी पडले की जिवाणू न पचलेल्या प्रथिनांकडे वळतात. त्यातून बनणारे काही घातक पदार्थ रक्तात जातात आणि ते मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागतात. मधुमेहात साखरेमुळे मूत्रपिंडाच्या गाळण्या आधीच थकलेल्या असतात, त्यात हा भार वाढतो. यावर संशोधन अजून चालू आहे.

टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात गेले. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, टोरांटोत इन्शुलिन सापडलं.

आज आपल्याकडे औषधं आहेत, तपासण्याही आहेत. पालकहो, घरात कुणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन जरूर तपासून घ्या, कारण सुरुवातीला मूत्रपिंड काही दुखत नाही. मुलांच्या डब्यात पुड्यातल्या खाऊऐवजी ज्वारीची भाकरी, उसळ द्या. मात्र मूत्रपिंडाचा त्रास आधीच असेल, तर पथ्य डॉक्टरांनाच विचारून ठरवा. औषध मनाने बंद करू नका.