रघुजी भोसले (पहिले)

रघुजी भोसले (इ.स. १६९५ – १४ फेब्रुवारी, इ.स. १७५५) हे नागपूरकर भोसले घराण्याच्या राज्याचे संस्थापक आणि छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीतील एक प्रमुख मराठा सेनानी होते. सेनासाहेब सुभा हे पद त्यांच्याकडे होते. वऱ्हाड व गोंडवनात सत्ता स्थिर केल्यानंतर त्यांनी कर्नाटक, बंगाल व ओडिशा येथे मोहिमा केल्या. त्यांचे नाव व पद कोरलेली एक फिरंग तलवार महाराष्ट्र शासनाने इ.स. २०२५ मध्ये लंडन येथील लिलावातून परत मिळविली. अठराव्या शतकातील मराठा सरदार पात्याची निवड कशी करीत, त्याला मूठ कशी बसवीत आणि शस्त्राची निगा कशी राखीत, याचा अभ्यास करण्यासाठी ही तलवार महत्त्वाची मानली जाते.

पूर्वपीठिका

नागपूरकर भोसले मूळचे पुणे प्रांतातील हिंगणी-बेरडीचे. त्यामुळे त्यांना हिंगणीकर भोसले असेही म्हणतात. या घराण्यातील परसोजी भोसले यांनी इ.स. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा पक्ष घेतला. त्याबद्दल त्यांना सेनासाहेब सुभा हे पद आणि वऱ्हाडकडील चौथाईचे अधिकार मिळाले. इ.स. १७०९ मध्ये परसोजींच्या मृत्यूनंतर ही जबाबदारी त्यांचे पुत्र कान्होजी यांच्याकडे आली.

रघुजी हे याच कुळातील बिंबाजी भोसले यांचे पुत्र व नात्याने कान्होजींचे पुतणे होत. तरुणपणी ते काही काळ कान्होजींजवळ होते. पुढे दोघांत बेबनाव झाला आणि रघुजींनी अन्यत्र चाकरी केली. अखेर ते साताऱ्यास शाहू महाराजांच्या सेवेत रुजू झाले. शिकारीतील धाडस व घोडदळातील कर्तबगारी यांमुळे त्यांच्यावर महाराजांची मर्जी बसली. शिर्के घराण्यातील विवाहसंबंधामुळे ते महाराजांचे साडूही झाले.

सेनासाहेब सुभा

कान्होजी हिशेब देण्यास टाळाटाळ करू लागले व त्यांनी निजामाशी संधान बांधल्याचा संशय आला. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांच्या पारिपत्याची कामगिरी रघुजींवर सोपविली. इ.स. १७३० च्या सुमारास रघुजींनी कान्होजींचे ठाणे असलेल्या भाम (सध्याचा यवतमाळ जिल्हा) येथून त्यांचा पाठलाग केला आणि वणीजवळच्या मंदर येथे त्यांना पकडले. कान्होजींची रवानगी साताऱ्यास झाली आणि सेनासाहेब सुभा हे पद रघुजींना मिळाले.

देवगड आणि नागपूर

त्या काळी नागपूर हे देवगडच्या गोंड राजांचे शहर होते. बख्त बुलंद शाहाने त्याची वसाहत केली आणि त्याचा पुत्र चांद सुलतान याने तेथे राजधानी आणली. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर गादीसाठी तंटा उभा राहिला. राणी रतनकुंवर हिने रघुजींची मदत मागितली, ती त्यांनी दिली व तिच्या मुलांचा हक्क राखला. पुढे बुऱ्हाण शाह व अकबर शाह या भावांत कलह झाला, तेव्हा रघुजींनी बुऱ्हाण शाहाची बाजू घेतली. इ.स. १७४३ च्या सुमारास प्रत्यक्ष सत्ता त्यांच्याकडे आली. गोंड राजा नामधारी राहिला व त्याला नेमणूक मिळाली. रघुजींनी नागपूर हेच आपले मुख्य ठाणे केले. इ.स. १७५१ च्या सुमारास चांद्याचे गोंड राज्यही त्यांच्या अमलाखाली आले.

कर्नाटक, बंगाल आणि ओडिशा

इ.स. १७४० मध्ये रघुजी व अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले यांनी कर्नाटकात मोहीम काढली. मे महिन्यात दामलचेरी घाटातील लढाईत अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्लीचा किल्ला पडला आणि चंदासाहेब कैद झाला.

बंगालवरील स्वाऱ्या इ.स. १७४२ मध्ये रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाल्या. मार्च १७४४ मध्ये नवाब अलीवर्दी खान याने वाटाघाटीसाठी बोलावून भास्करराम व त्यांच्या सोबतच्या सरदारांची हत्या केली. त्यानंतर रघुजी स्वतः पूर्वेकडे उतरले व त्यांनी कटक घेतले. इ.स. १७५१ च्या तहान्वये नवाबाने सालीना १२ लाख रुपये चौथाई देण्याचे मान्य केले. सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशाही भोसल्यांच्या अमलाखाली आला.

या स्वाऱ्यांत पश्चिम बंगालमधील गावांची मोठी लूट व हानी झाली. बंगाली लोकस्मृतीत आजही बर्गी हा शब्द भीतीने उच्चारला जातो. तो बारगीर या मराठी शब्दावरून आला आहे. बारगीर म्हणजे सरकारी घोडा व हत्यार घेऊन लढणारा स्वार. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार आणत असे. त्यामुळे पाते पारखून घेणे व ते सांभाळणे हा त्याच्या उपजीविकेचाच भाग होता.

पेशव्यांशी संबंध

उत्तर व पूर्वेकडील चौथाईच्या हक्कांवरून रघुजींचे बाजीराव व नंतर बाळाजी बाजीराव या पेशव्यांशी मतभेद झाले. इ.स. १७४३ मध्ये पेशवे अलीवर्दी खानाच्या बाजूने बंगालमध्ये उतरले, तेव्हा हा वाद विकोपाला गेला. त्याच वर्षी शाहू महाराजांनी मध्यस्थी करून दोघांची कार्यक्षेत्रे ठरवून दिली. बंगाल व ओडिशाकडील हक्क रघुजींकडे राहिले. पेशव्यांचे वर्चस्व मनापासून न मानणारे रघुजी आपला अधिकार छत्रपतींनी दिलेल्या पदावर आधारलेला मानीत. त्यांच्या तलवारीवरील लेखातही हेच पद आढळते.

रघुजींची तलवार

ही तलवार मराठा पद्धतीची फिरंग आहे. पाते लांब, एकधारी व युरोपीय बनावटीचे असून मूठ मुल्हेरी घाटाची आहे. मुठीवर सोन्याचे नक्षीकाम व पकडीस हिरव्या विणलेल्या कापडाचे वेष्टन आहे. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याने भरलेला देवनागरी लेख आहे. त्यात रघुजींचे नाव, त्यांचे पद आणि शस्त्राचा प्रकार दर्शविणारा फिरंग हा शब्द येतो. मराठा शस्त्रे बहुधा साधी असून त्यांवर धन्याचे नाव क्वचितच आढळते. त्यामुळे हा नमुना दुर्मिळ ठरतो.

पोलादाची निवड

सतराव्या-अठराव्या शतकांत दख्खनमध्ये चांगल्या पोलादाची वाण नव्हती. रघुजींच्या मुलखाच्या दक्षिणेस, निर्मळ व कोनासमुद्रम भागात मुशीत वितळवून केलेले पोलाद तयार होई आणि ते इराणपर्यंत जाई. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आसपास असे. अशा पात्यावर पाण्याच्या लाटांसारखा जौहर दिसतो व धार दीर्घकाळ टिकते. मात्र हे पोलाद घडविणे अवघड असते. उष्णता थोडी अधिक झाली तरी ते घणाखाली तडकते. त्यापासून केलेले लांब व सरळ पाते आडव्या आघाताने मोडण्याचाही धोका असतो. चांदा भागातील लोहखनिजापासून भट्टीत मिळणारे लोखंड मऊ असे. ते अवजारांना पुरेसे असले तरी लांब पात्याला अपुरे पडे.

युरोपीय पात्यांचा गुण वेगळा होता. जर्मनीतील झोलिंगन, स्पेनमधील टोलेडो व इटलीतील काही शहरे यांसाठी प्रसिद्ध होती. पाते तापवून विझविल्यावर त्याला पुन्हा बेताची ऊब देऊन कडकपणा व लवचीकपणा यांचा मेळ साधला जाई. असे पाते वाकले तरी सरळ होई. घोड्यावरून लांबचा वार करणाऱ्या स्वाराला धारेच्या तिखटपणाइतकीच ही लवचीकता मोलाची वाटे. पोर्तुगिजांच्या व नंतर इतर युरोपीयांच्या व्यापारातून ही पाती किनाऱ्यावर उतरत व येथे त्यांना देशी मूठ बसे. फिरंग हे नावही पात्याच्या या परदेशी मुळावरून पडले. अशा पात्यांवर दिसणाऱ्या लांब पन्हळीबद्दल रक्त वाहून जाण्याची कल्पना प्रचलित आहे. प्रत्यक्षात तिचा हेतू पात्याची ताकद फारशी न घटविता वजन कमी करणे हा असतो.

मूठ व जडणघडण

भारतीय तलवारींत पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत घालून तापविलेल्या लाखेच्या मिश्रणाने घट्ट बसविण्याची पद्धत सर्वत्र होती. खांडा व फिरंग या प्रकारांत त्याशिवाय पात्याच्या दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्या येतात व त्या रिव्हेटने जखडल्या जातात. लांब पात्याचा झोक मुठीच्या सांध्यावर येतो, म्हणून ही जादा मजबुती आवश्यक असते. लाख वाळून भुगा झाली की मूठ खिळखिळी होते. तेव्हा मूठ ऊब देऊन सोडवीत व नवी लाख भरीत. लाख पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या खालीच मऊ होते, तर पात्याचा कडकपणा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे उतरू लागतो. त्यामुळे बेताची आच दिल्यास पात्याला इजा होत नाही. थेट विस्तवावर धरल्यास मात्र मुठीलगतचा भाग कायमचा मऊ पडतो.

निगा

जुन्या पोलादात क्रोमियम नसल्याने ते दमट हवेत लवकर गंजते. शिलेखान्यातील पाती पुसून त्यांवर तेलाचा पातळ थर देणे हे नित्याचे काम असे. धार लावणे व जिल्हई करणे हे शिकलगारांचे काम होते. खंडेनवमीला शस्त्रे बाहेर काढून, स्वच्छ करून पुजण्याची प्रथा पावसाळ्याच्या अखेरीस येते. दुसऱ्या दिवशीच्या सीमोल्लंघनानंतर मोहिमांना आरंभ होई, म्हणून पावसाळी ओलाव्याने बसलेला गंज वेळीच दिसणे सैन्याच्या दृष्टीनेही सोयीचे होते.

अशा तलवारींच्या बाबतीत तीन गोष्टींनी सर्वाधिक नुकसान होते. पहिली, चामडे मढविलेल्या म्यानात पाते दीर्घकाळ ठेवणे; चामडे ओलावा धरून ठेवते आणि त्यातील आम्लांनी पोलादावर डाग पडतात. दुसरी, उघड्या हातांनी हाताळणे. घामातील क्षारांनी बोटांचे ठसे गंजरूपाने उमटतात. तिसरी, चकाकीच्या हौसेने खरखरीत पदार्थांनी घासणे. सोन्याचे काम पोलादाच्या खरवडलेल्या पृष्ठभागावर ठोकून बसविलेले असते व त्याची जाडी फार थोडी असते. घासण्याने ते निघून जाते आणि त्याबरोबर लेखही पुसट होतो. म्हणून संग्रहालयांत पाते म्यानाबाहेर, कोरड्या हवेत व मेणाच्या पातळ थराखाली ठेवतात. धार पुन्हा लावली जात नाही, कारण प्रत्येक धारेबरोबर मूळ पोलाद झिजते आणि वापराच्या खुणा नाहीशा होतात.

मृत्यू आणि वारसा

१४ फेब्रुवारी, इ.स. १७५५ रोजी नागपूर येथे रघुजींचे निधन झाले. जानोजी, मुधोजी, साबाजी व बिंबाजी हे त्यांचे पुत्र. जानोजींना सेनासाहेब सुभा हे पद मिळाले. बिंबाजींनी पुढे छत्तीसगडचा कारभार पाहिला. इ.स. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा ईस्ट इंडिया कंपनीकडून पराभव झाला आणि इ.स. १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा करण्यात आले.

तलवारीचे पुनरागमन

सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीतून किंवा भेटीच्या रूपाने ही तलवार इंग्रजांच्या हाती गेली असावी, असे मानले जाते. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथे सदबीज या संस्थेच्या लिलावात ती विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक व विमा धरून एकूण खर्च ४७ लाख १५ हजार रुपये झाला. राज्याचे सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी ११ ऑगस्ट २०२५ रोजी लंडन येथे तिचा ताबा घेतला आणि १८ ऑगस्ट रोजी ती मुंबईत आली. परदेशी पाते, देशी मूठ आणि छत्रपतींनी दिलेले पद या तिन्ही गोष्टी एकत्र आणणारी ही तलवार रघुजींच्या कारकिर्दीचे एक प्रत्यक्ष साधन आहे. पाठीवरील लेखाचे सोने शाबूत राहिल्यामुळेच ती त्यांची म्हणून ओळखता आली.