महावृक्षांचा वकील

तोडलेल्या एका वृक्षामागे दहा रोपे लावली की निसर्गाचे देणे फिटले, हा हिशेब कागदावर बिनचूक दिसतो. त्यात एकच नोंद राहून जाते, ती काळाची. ज्या अरण्याला उभे राहण्यास वीस-तीस शतके लागली, ते कोणत्याही योजनेच्या मुदतीत उभे करता येत नाही. ते केवळ राखता येते. ही साधी गोष्ट अमेरिकेसारख्या उद्यमी राष्ट्राच्या गळी उतरविण्यासाठी जॉन म्यूर यांनी आपले उत्तरायुष्य वेचले. त्यांच्या यशाची आणि अपयशाची कहाणी म्हणूनच आजही मननीय आहे.

म्यूर यांचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या गावी झाला. १८४९ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे स्थायिक झाले. वडील अत्यंत कर्मठ. मुलाचा दिवस शेतातील कष्टांत आणि बायबलच्या पाठांतरात जाई. पहाटे उठून जॉन लाकडी घड्याळे आणि यंत्रे तयार करी. याच कौशल्याच्या बळावर तो विद्यापीठात पोहोचला, परंतु पदवी न घेताच बाहेर पडला. १८६७ मध्ये इंडियानापोलिस येथील कारखान्यात काम करीत असता कानस निसटून म्यूर यांच्या उजव्या डोळ्यात घुसली. काही काळ दोन्ही डोळ्यांपुढे अंधार पसरला. दृष्टी परत आली तेव्हा त्यांनी यंत्रांचा नाद सोडला, सुमारे हजार मैलांची पायपीट करून फ्लॉरिडा गाठले आणि १८६८ मध्ये ते कॅलिफोर्नियात दाखल झाले.

सिएरा नेवाडा पर्वतात त्यांनी प्रथम मेंढ्या राखल्या, नंतर योसेमिटी दरीत लाकूड कापण्याची गिरणी चालविली. तेथे ते केवळ उन्मळून पडलेली झाडेच कापीत. याच पर्वताच्या पश्चिम उतारावर सिक्वोया या महावृक्षांची राने आहेत. त्यांतील काही वृक्षांचे वय तीन हजार वर्षांहून अधिक भरते. दैवदुर्विलास असा, की या वृक्षांचे लाकूड ठिसूळ असते. तोडलेला वृक्ष कोसळतानाच त्याच्या ठिकऱ्या होत आणि उरल्यासुरल्या लाकडाचे कुंपणाचे खांब नाहीतर द्राक्षवेलींचे आधार होत. म्यूर यांनी १८७५ मध्ये ही राने पायी पालथी घातली आणि पुढच्याच वर्षी वृत्तपत्रात लेख लिहून त्यांच्या रक्षणाची मागणी केली.

त्यानंतर काही वर्षे ते संसारात आणि फळबागेच्या व्यापात गुंतले. १८९० मध्ये मात्र त्यांच्या लेखांनी लोकमत जागे झाले. त्याच वर्षी सिक्वोया आणि योसेमिटी ही राष्ट्रीय उद्याने स्थापन झाली. १८९२ मध्ये म्यूर यांच्या अध्यक्षतेखाली सिएरा क्लब ही संस्था उभी राहिली. तथापि, उद्यानाच्या सीमेबाहेर राहिलेल्या कॉन्व्हर्स बेसिन या विशाल सिक्वोयावनात त्याच सुमारास कुऱ्हाड चालली, आणि तेथील मोठे वृक्ष जवळजवळ सर्व नष्ट झाले. नकाशावरील एका रेषेने काय राहते आणि काय जाते, याचे इतके ढळढळीत उदाहरण विरळाच.

१९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी म्यूर यांच्यासमवेत योसेमिटीत तीन रात्री उघड्यावर काढल्या. पहिला मुक्काम महावृक्षांच्या छायेत होता. १९०८ मध्ये सान फ्रान्सिस्कोजवळचे रेडवुड वृक्षांचे एक प्राचीन वन राष्ट्रीय स्मारक घोषित झाले. ते दान देणारे विल्यम केंट यांनी त्याला म्यूर यांचे नाव देण्याचा आग्रह धरला. परंतु सान फ्रान्सिस्कोच्या पाणीपुरवठ्यासाठी राष्ट्रीय उद्यानातीलच हेच हेची दरी धरणाखाली बुडविण्याचा प्रश्न आला, तेव्हा हेच केंट धरणाच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबर १९१३ मध्ये धरणाचा कायदा संमत झाला. अवघ्या वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, म्यूर यांचे निधन झाले.

म्यूर यांच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या. १८५१ मध्ये योसेमिटीतील मूळ रहिवाशांना सशस्त्र बळाने हुसकून लावण्यात आले होते. त्यांच्याविषयी म्यूर यांनी अनुदार लिहिले. याची जाहीर कबुली सिएरा क्लबने २०२० मध्ये दिली. वस्तुतः हे लोक लहान लहान आगी लावून रानातील पालापाचोळा आणि झुडपे आटोक्यात ठेवीत. सिक्वोयाची बीजेही आगीने मोकळ्या केलेल्या मातीतच उत्तम रुजतात. पुढे आगच नको, असे धोरण दीर्घकाळ राबविले गेले. परिणामी रानात सरपण साचले, त्यात तापमानवाढीची आणि अवर्षणाची भर पडली. २०२० आणि २०२१ मधील वणव्यांत जगातील मोठ्या सिक्वोया वृक्षांपैकी सुमारे १३ ते १९ टक्के वृक्ष बळी पडले, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाचा अंदाज आहे.

कुऱ्हाडीपासून वाचलेले वृक्ष आगीने गेले, यावरून म्यूर यांचे कार्य वाया गेले असे मात्र नव्हे. ती उद्याने नसती तर वणव्याला जाळण्यासाठीही फारसे काही उरले नसते. बोध घ्यायचा तो इतकाच, की कायद्याने सीमा आखली जाते, पण रक्षण होते ते सतत जागरूक राहणाऱ्या लोकमताने आणि रानाचा स्वभाव जाणणाऱ्या ज्ञानाने. प्राचीन अरण्य एकदा वाचवून भागत नाही. प्रत्येक पिढीला ते नव्याने वाचवावे लागते. गमावण्यासाठी मात्र एकच पिढी पुरेशी होते.