न्यायमूर्ति सॅम्युएल सेवॉल

न्यायाधीशाचा निवाडा चुकला, तर तो वरच्या न्यायासनापुढें फिरवितां येतो. परंतु ज्यास फांशीं दिलें तो परत येत नाहीं. ही गोष्ट ज्यांच्या मनास जन्मभर डांचत राहिली, अशा एका न्यायाधीशांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सॅम्युएल सेवॉल ह्यांचा जन्म इंग्लंडांतील हँपशायर परगण्यांत १६५२ सालीं झाला. नऊ वर्षांचे असतां ते अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत आले व १६७१ सालीं हार्वर्ड विद्यालयाचे पदवीधर झाले. पाळक व्हावें असा त्यांचा मूळ मानस होता. कायद्याचें शिक्षण त्यांनीं घेतलेंच नव्हतें. पण त्या वसाहतींत कायदेपंडित फारच थोडे असल्यामुळें प्रतिष्ठित व्यापारीच न्यायासनावर बसत. १६७६ सालीं टांकसाळीचे अधिकारी जॉन हल ह्यांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला आणि संपत्तीबरोबर मानही चालून आला.

१६९२ सालीं एसेक्स परगण्यांतील सेलम येथें कांहीं मुलींना विचित्र झटके येऊं लागले. शेजारच्या बायका आपणांवर चेटूक करितात, असें त्या सांगत. (चेटकीण ठरवून एखाद्या अनाथ बाईस छळल्याच्या वार्ता आपल्या देशांतही ऐकूं येतात; तेव्हां हें वेड परदेशचेंच असें कोणी समजूं नये.) गव्हर्नरांनीं खास न्यायासन नेमलें, त्यांत सेवॉल एक होते. आरोपीची आकृति आपणांस छळतांना दिसली, एवढी साक्षही तेथें पुरावा म्हणून घेतली जाई. ती आकृति दुसऱ्या कोणास दिसत नसे. मग आरोपीनें ती खोटी ठरवावी कशी? उलट, ज्यांनीं अपराध कबूल केला ते बहुतेक वांचले, आणि खोटें बोलण्यास जे धजले नाहींत ते फांसावर चढले.

असे १९ जण गेले. आणखी एका वृद्धास दगडांखालीं दडपून मारण्यांत आलें. मृतांत जॉर्ज बरोज नांवाचे पाळक होते. सेवॉल ह्यांच्या एकच वर्ष आधीं ते हार्वर्डचे पदवीधर झाले होते. चेटक्यास प्रभूची प्रार्थना न अडखळतां म्हणतां येत नाहीं अशी समजूत होती. बरोज ह्यांनीं शिडीवर उभें राहून ती बिनचूक म्हटली, तरीही त्यांस फांशीं दिलें. न्यायाधीशांपैकीं साल्टनस्टॉल हे आधींच बाहेर पडले होते. सेवॉल मात्र बसून राहिले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

पुढें त्यांच्या घरीं मृत्यूनें वारंवार पाऊल टाकिलें. १६९६ च्या डिसेंबरांत सारा ही चिमुकली मुलगी वारली. तिचें प्रेत घरांत असतांनाच पुत्रानें मत्तयकृत शुभवर्तमानांतील निरपराध्यांस दोषी ठरविण्याविषयींचें वचन वाचलें, आणि पित्यास सेलम आठवलें. ता. १४ जानेवारी १६९७ हा वसाहतींत उपासाचा व प्रार्थनेचा दिवस होता. त्या दिवशीं बॉस्टनच्या मंदिरांत त्यांनीं पाळकांच्या हातीं एक कागद दिला आणि तो वाचून होईपर्यंत सर्व मंडळीसमक्ष ते उभे राहिले. सेलमच्या दोषाची लाज त्यांनीं स्वतःवर घेतली होती, आणि देवाची व मनुष्यांची क्षमा मागितली होती. मुख्य न्यायाधीश स्टॉटन ह्यांनीं मात्र असा पश्चात्ताप कधींच केला नाहीं.

१७०० सालीं त्यांनीं योसेफास भावांनीं विकल्याच्या कथेच्या आधारें गुलामगिरीविरुद्ध एक लहानशी पुस्तिका छापली. तिची टवाळी झाली. सहकारी सॅफिन ह्यांनीं उलट उत्तर लिहिलें. उतारवयांत सफक परगण्यांत मृत्युपत्रें व वारसा ह्यांचा निवाडा ते करीत, आणि १७१८ पासून मुख्य न्यायाधीशही होते. पत्नीच्या मृत्यूनंतर एका श्रीमंत विधवेनें, टोप घालावा व गाडी ठेवावी अशी इच्छा दर्शविली. म्हाताऱ्यानें दोन्ही नाकारलीं आणि तो विवाह राहिला!

ज्या सेलमांत हें सारें घडलें, तेथेंच १८१२ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्यांस दीक्षा मिळाली आणि पुढच्या वर्षीं ते मुंबईस उतरले. सेवॉल ता. १ जानेवारी १७३० रोजीं वारले. मॅसॅच्युसेट्सांत गुलामगिरी न्यायालयांच्या निकालांनीं १७८३ च्या सुमारास संपली. आणि सेलमच्या दोषींपैकीं शेवटच्या स्त्रीचें नांव निर्दोष ठरण्यास २०२२ साल उजाडलें.