कै. वि. स. पागे : रिकाम्या हातांचा कैवारी

भगिनींनो, आपल्या भागात धान चुरून झाले की मजूर बाईच्या हाताला काम उरत नाही. रोवणीच्या दिवसांत जिची बांधीबांधीवर वाट पाहतात, तीच बाई उन्हाळ्यात काम आहे काय म्हणून दारोदार विचारीत फिरते. या रिकाम्या हातांचा ज्यांनी मनापासून विचार केला, ते कै. विठ्ठल सखाराम पागे आपल्या जिल्ह्याचे नव्हत. तरी त्यांचे चरित्र आपल्याला परके वाटू नये.

त्यांचा जन्म 1910 साली आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणी येथे झाला. तासगाव तालुक्यातील विसापूर ही त्यांची कर्मभूमी. महाराष्ट्र राज्य झाले त्या 1960 सालीच ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, त्या आसनावर राहिले. सभापतीने तोल सांभाळायचा, वादात पडायचे नाही, अशी रीत. मंत्र्याची सत्ताही त्याच्या हाती नसते. पण पाग्यांचे मन विसापूरच्या शिवारातच होते.

सातशे रुपयांत शेतावर किती माणसांना काम देता येईल, असे त्यांनी एकदा पत्नीला विचारले, असे सांगतात. घरातल्या त्या साध्या हिशेबावरून त्यांनी साऱ्या राज्याचा हिशेब मांडला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहून कळविला. 1965 मध्ये विसापूर भागात त्याचा प्रयोग झाला, आणि 1972 साली रोजगार हमी योजना आली. लगेच भीषण दुष्काळ पडला.

दुष्काळी कामे तर इंग्रजांच्या काळापासून निघत. मग यात नवे ते काय? ती कामे म्हणजे सरकारची कृपा; पाऊस पडला की बंद. पाग्यांचे म्हणणे असे, की साल कोणतेही असो, अंगमेहनतीला तयार असलेल्या माणसाने काम मागितले तर ते देणे सरकारवर बंधनकारक असावे. यासाठी 1975 साली शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला आणि तितकीच भर सरकारने घालायची ठरली. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, तोही किमान एक रुपया रोज! रक्कम अगदीच तुटपुंजी खरी, पण मागणे भिकेचे राहिले नाही.

पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी ही कामे. शेतात बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी. येथे मात्र मोजलेल्या मातीवर दोघांना एकच दर. त्यामुळे बाया मोठ्या संख्येने कामावर आल्या. पिण्याचे पाणी व तान्ह्यांसाठी पाळणाघर ठेवण्याचाही नियम होता. सगळीकडे तो पाळला गेला असे म्हणवत नाही. खोट्या हजेरीपटांच्या आणि रखडलेल्या मजुरीच्या तक्रारीही पुष्कळ झाल्या.

पागे 1990 मध्ये निवर्तले. पुढे 2005 साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. 2006 च्या फेब्रुवारीत पहिल्या टप्प्यात देशातले 200 जिल्हे घेतले गेले. त्यांत महाराष्ट्रातील बारा होते, आणि त्या बारांत आपला भंडारा होता.