पटकीशी झुंजलेला प्राणिशास्त्रज्ञ

जून महिना उजाडला, की राजगड आणि तोरण्याच्या कड्यांवर ढग उतरतात आणि भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून ओढे-नाले खळाळू लागतात. वेळवंडी, नीरा, गुंजवणी, कानंदी, आंबी, मोसे या नद्या फुगतात. भातलावणीची धांदल सुरू होते. याच दिवसांत या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत जुलाब, उलट्या आणि काविळीच्या रुग्णांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण पावसाचे पहिले पाणी शिवारातील सारी घाण विहिरीत आणि झऱ्यात घेऊन येते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा सारा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. राजगड, प्रचंडगड आणि विचित्रगड या किल्ल्यांच्याच नावाने त्याचे तालुके ओळखले जात. त्या काळी मावळातच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रात पावसाळ्याबरोबर येणाऱ्या एका रोगाचे नाव घ्यायलाही लोक कचरत. तो रोग म्हणजे पटकी. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत नाहीसा होई. गावे ओस पडत. मरीआईला नैवेद्य दाखवून तिचा गाडा शिवेपार नेऊन सोडणे, एवढाच उपाय लोकांच्या हाती होता.

या रोगाविरुद्ध माणसाच्या हाती पहिले प्रभावी शस्त्र देण्याचा प्रयत्न ज्या संशोधकाने केला, त्याचे नाव मुंबईतील परळच्या एका संस्थेमुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले आहे. मात्र संस्थेचे नाव ठाऊक असलेल्या अनेकांना त्या नावामागचा माणूस ठाऊक नसतो. वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन हा तो माणूस. तो ना इंग्रज होता, ना भारतीय. आणि विशेष म्हणजे तो डॉक्टरही नव्हता.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होते. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे हेच ते शास्त्रज्ञ. विद्यार्थिदशेतच हाफकिन झारशाहीविरोधी चळवळीत ओढले गेले. ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते आणि त्यापायी त्यांना अटकही झाली. अंगी योग्यता असूनही धर्म बदलल्याशिवाय विद्यापीठात अध्यापकपद मिळणार नाही, हे स्पष्ट झाले, तेव्हा त्यांनी धर्माऐवजी देश सोडला. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पोहोचले. लुई पाश्चर यांच्या नव्या संस्थेत त्यांना जागा मिळाली ती सहायक ग्रंथपालाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात निश्चित केला होता. पण या जंतूविरुद्ध लस तयार करता येईल का, याबद्दल युरोपात मोठा मतभेद होता. हाफकिन यांनी हा जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीतून एकामागून एक असा अनेकदा नेऊन त्याची तीव्रता वाढविली आणि दुसरीकडे उष्णता व हवेच्या साहाय्याने त्याचाच एक सौम्य प्रकार तयार केला. आधी सौम्य आणि काही दिवसांनी तीव्र, अशा दोन टोचण्यांनी शरीर रोगाला तोंड देण्यास सज्ज होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जनावरांवर हे सिद्ध झाले. पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. मात्र काही दिवसांत ते पूर्ववत झाले. त्यानंतर त्यांच्या रशियन मित्रांनीही लस घेतली.

प्रयोगशाळेतील यशावर ते समाधानी नव्हते. जेथे पटकी दरवर्षी हजारोंचे बळी घेते, तेथेच या लसीची खरी परीक्षा होणार, हे त्यांनी ओळखले. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कोलकात्यास येऊन पोहोचले. पुढची सुमारे अडीच वर्षे ते उत्तर भारतातील शहरे, लष्करी छावण्या, तुरुंग आणि आसामातील चहाचे मळे अक्षरशः पालथे घालत होते. या काळात सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस टोचली. परक्या साहेबाची सुई म्हणून लोक संशय घेत. काही ठिकाणी दगडही आले. तेव्हा बरोबरचे भारतीय डॉक्टर लोकांसमोर आधी स्वतः टोचून घेत आणि मग इतर पुढे येत.

याच दौऱ्यात हाफकिन यांनी एक गोष्ट केली, जिचे महत्त्व आज अधिक जाणवते. १८९४ मध्ये कोलकात्याच्या कट्टल बगान या वस्तीत पटकी पसरली. वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे आणखी दहा जणांना पटकी झाली. ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत राहणारे, एकाच तळ्याचे पाणी पिणारे, पण लस घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन गटांची तुलना करण्याची ही पद्धत पुढे वैद्यकीय संशोधनाचा पाया ठरली. केवळ बरे झालेल्यांची उदाहरणे देऊन औषधाचा गुण सिद्ध होत नाही. न घेतलेल्यांचे काय झाले, हेही मोजावे लागते, हा त्यांचा आग्रह होता.

हिवतापाने खंगलेले हाफकिन १८९५ मध्ये युरोपला परतले. पण पुढच्याच वर्षी पुन्हा भारतात आले. इकडे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले होते. सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस तयार करण्यास प्रारंभ केला. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली आणि लस घेतलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी दिसून आले.

ते वर्ष पुणे जिल्हा विसरणे शक्य नाही. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. पुण्यात गोऱ्या शिपायांकरवी घरांच्या झडत्या सुरू होत्या. त्या जुलमाचा संताप २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीतून व्यक्त झाला. एकीकडे सक्तीची फवारणी, झडती आणि विलगीकरण होते, तर दुसरीकडे लोकांच्या संमतीवर आणि विश्वासावर उभी असलेली लस होती. आगाखान यांनी हाफकिन यांना आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला, स्वतः लस घेतली आणि त्यांच्या खोजा समाजातील हजारो लोक त्यांच्या मागोमाग पुढे आले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्यांच्यावर आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. परळच्या प्रयोगशाळेतच लस दूषित झाली, असा ठपका ठेवण्यात आला. निर्जंतुकीकरणासाठी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेचा वापर केल्याचा दोष हाफकिन यांच्या माथी मारण्यात आला. वैद्यकाची पदवी नसलेला, परका, ज्यू असलेला हा शास्त्रज्ञ सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेकांना आधीपासूनच खुपत होता. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. प्रयोगशाळेतून निघताना बाटलीत धनुर्वाताचे जंतू असते, तर ती उघडताच तीव्र दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती.

हे मान्य होण्यास पाच वर्षे लागली. हिवतापाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले. ते भारतात परतले. पण परळची त्यांची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कोलकात्यातील एका लहान प्रयोगशाळेत, मर्यादित अधिकारांत त्यांनी उरलेली वर्षे काढली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. ते अविवाहित होते. अखेरच्या काळात ते धर्मनिष्ठ ज्यू जीवनाकडे अधिकाधिक वळले आणि आपली मालमत्ता ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवून २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी देह ठेवला. त्यापूर्वी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

हाफकिन यांच्या लसीला मर्यादा होत्या. तिचे संरक्षण फार काळ टिकत नसे आणि टोचल्यानंतर त्रासही बराच होई. पुढे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवून दिले, की पटकीचा जंतू आतड्यात एक विष सोडतो आणि त्यामुळे आतड्याचे अस्तर शरीरातील पाणी बाहेर टाकू लागते. १९७१ च्या निर्वासित छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो जीव वाचविले. आज पटकीची लस टोचावी लागत नाही. ती तोंडाने घेता येते. तरीही जगात तिचा एवढा तुटवडा पडला होता, की ऑक्टोबर २०२२ मध्ये साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. पाण्यातूनच पसरणाऱ्या आणि यकृतावर आघात करणाऱ्या ई प्रकारच्या काविळीवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत दीर्घकाळ संशोधन झाले आहे. गर्भवती स्त्रियांना ही कावीळ विशेष घातक ठरते.

भोर-वेल्ह्याच्या वाचकाला हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. वेल्ह्यातील पानशेत आणि वरसगाव धरणांचे पाणी खडकवासल्यातून पुण्याला जाते. डोंगरातून स्वच्छ निघालेले पाणी माणसापर्यंत पोहोचेस्तोवर कसे बिघडू शकते, याची आठवण २०२५ च्या जानेवारीत झाली. सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे आजाराचे रुग्ण वाढले आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत पोटाचे विकार करणारे जंतू आढळले. पोटात गेलेल्या जंतूंचा परिणाम थेट मज्जातंतूंवर होऊ शकतो, हे तेव्हा सर्वसामान्यांना कळले.

हाफकिन यांनी लस दिली. पण विहिरीत औषध टाकणे, पाणी उकळून पिणे आणि जुलाब होताच मीठ-साखरेचे पाणी देणे, ही कामे लसीवर सोपविता येत नाहीत. ती प्रत्येक घराने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने करायची आहेत. लोकांना सुई देण्याआधी ती स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या आणि प्रत्येक दाव्याला आकड्यांचा पुरावा मागणाऱ्या या परदेशी माणसाने महाराष्ट्राला परळच्या संस्थेबरोबर ही शिस्तही दिली. पावसाचे पहिले पाणी विहिरीत उतरते, तेव्हा तिची आठवण ठेवणे हेच त्यांचे खरे स्मरण ठरेल.